हो म्हणायच्या आधी

प्रिय भिंगरी,

मायना लिहितानाच हात अडखळला. तुझ्या हुद्द्यानं सुरुवात करावी तर पत्र सरकारी वाटेल, आणि तुझी सेक्रेटरी ते फोडून वर आवक शिक्का मारून ठेवेल. नुसतं नाव लिहावं तर आपली नुकतीच कुठल्यातरी परिषदेत ओळख झाल्यासारखं वाटेल. म्हणून प्रयोगशाळेतल्या पहिल्याच आठवड्यात पडलेलं नाव लिहिलं. तू तेव्हा एका जागी उभी म्हणून राहायची नाहीस आणि मी एकेक काचनळी धुवायला अर्धी सकाळ लावायचे, म्हणून मी तुला भिंगरी केलं आणि तू मला गोगलगाय. तुझे फोन येतात ते मला दिसतात. मी उचलत नाही. रागानं नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू, रागानंच. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं अर्धं झालं की उरलेलं तूच बोलून टाकतेस, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा बरं बोलतेस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. म्हणून पत्र.

आधी घरचं सांगते. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता तिला सगळं लख्ख दिसतं, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराची धडगत नाही. ओट्यामागच्या चिकट फरशीकडे बोट दाखवून विचारते, "इतकी वर्षं मी इथलं जेवत होते?" दवाखान्यात तू येशील असं ती धरूनच चालली होती, कारण पहिल्या डोळ्याच्या वेळी तूच तिच्याजवळ होतीस, मी शिक्षकांच्या शिबिरात अडकले होते. "भिंगरी कुठाय?" म्हणाली. कामात आहे म्हटलं. "कामात तर ती जन्मल्यापासून आहे. तरी यायची." मग त्या नव्या डोळ्यांनी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी तिला काही सांगितलेलं नाही. तिला सांगायचं तर सगळं पहिल्यापासून बोलावं लागेल, आणि ते पहिल्यांदा तुझ्याशीच बोलावं असं वाटलं. सवय, दुसरं काय.

पहिल्यापासून म्हणजे मागच्या जिन्यापासून. शाळेतल्या शिक्षकांचा गट आपली प्रयोगशाळा बघायला आला होता तो दिवस. आपले संशोधनाचे सर त्यांना आपण जीन बदलून वाढवलेलं यीस्ट दाखवत होते, नेहमीसारखे रंगात आले होते, आणि मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे सगळं छान आहे, पण हे बाहेर गेल्यावर कुणाचं काय होईल, हे बघायचं काम कुणाचं?" सर म्हणाले, त्यासाठी समित्या असतात. तू माझ्या कानात म्हणालीस, "कुठे असतात?" आणि आपण तोंडावर हात दाबून जिन्याकडे पळालो. हसून हसून पोटात दुखायला लागलं. मग हसू ओसरलं आणि तू पायरीवर बसलीस. तू अशी एका जागी बसलीस की मला भीती वाटते ती तेव्हापासून. म्हणालीस, "गोगले, खरंच, कुणाचं काम आहे ते?"

त्या एका प्रश्नापायी आपण चांगली चाललेली वाट सोडली. जैवतंत्रज्ञान पुढे कुठे जाऊ शकतं ते आधी बघायचं, त्यावर नियम करणाऱ्यांना वेळेवर सांगायचं आणि शाळा-कॉलेजात ते शिकवायचं, असलं काम तेव्हा कुणी नोकरी म्हणून करत नव्हतं. अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहावं तेही कळत नव्हतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हातातलं संशोधन सोडून भविष्य सांगत फिरणार का तुम्ही? आमचा दादा तर प्रत्येक जेवणाच्या वेळी माझ्यापुढे तळवा धरायचा, "बघ गं, बढती आहे का?" विद्यापीठानं आपल्याला तळघरातली खोली दिली, बॉयलरच्या शेजारची. हिवाळ्यात आपल्याकडे गर्दी व्हायची ती उबेला, अभ्यासक्रमाला नव्हे, हे तूच सगळ्यांना सांगायचीस. तिथे तू तो 'आणि मग?' चा खेळ काढलास. एकानं एखादा शोध सांगायचा, शेजारच्यानं विचारायचं, आणि मग? त्यानं उत्तर दिलं की पुढच्यानं, आणि मग? असं करत करत ज्या माणसावर परिणाम होणार त्याच्यापर्यंत पोचायचं. पोचलो की तू फळ्यावर खडू आपटून म्हणायचीस, "आता सांगा, याला कुणी विचारलं का?" माझे विद्यार्थी अजून तो खेळ खेळतात. कुणाचा आहे ते मी त्यांना सांगते. सांगत होते.

मग तुला मंत्रालयातून बोलावणं आलं. तू सामान बांधत होतीस, मी तुझ्या पुस्तकांच्या खोक्यावर बसले होते, आणि मला रडू येतंय हे बघून तू म्हणालीस, "एकीनं आत असायला हवं आणि एकीनं बाहेर. आत मी जाते, मला लोकांची मर्जी सांभाळता येते. तू बाहेर राहा, तुला येत नाही." मला ते तेव्हा कौतुक वाटलं. आणि खरंच चाललंही तसं. तू आतून मसुदे बदललेस, मी बाहेर शिकवत राहिले. वर्षावर्षाच्या करारावर, कधी तोही नाही. शाळेच्या मुलांसाठी पुस्तिका लिहिल्या, आमदारांचे वर्ग घेतले. जीन चष्म्यानं दिसतो का असं विचारणारे ते आमदार आठवतात? त्यांनीच पुढे सभागृहात सगळ्यात नेमका प्रश्न विचारला, तेव्हा तू मला गॅलरीत कोपरानं ढोसलं होतंस. हळूहळू लोक बोलवायला लागले. 'व्यवसाय' या रकान्यात लिहायला मला शब्द मिळाला. दादानं तळवा धरणं बंद केलं, आणि त्याच्या टायरच्या दुकानात येणाऱ्यांना सांगायला लागला की आमची बहीण म्हणजे सरकारला पुढचं दाखवते.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण त्या तळ्याकाठच्या गावाबद्दल लिहायचं तर आधी हे लिहिल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

तू फोन केलास तेव्हा मी पेपर तपासत होते. म्हणालीस, तळ्याकाठच्या गावात दर वर्षी डासांचा ताप येतो, मुलं जातात, आणि आता एका कंपनीकडे बदललेले डास आहेत. नुसते नर सोडायचे, ते चावत नाहीत, त्यांची पिल्लं जगत नाहीत, हळूहळू डास कमी होतात. पण लोकांना विचारल्याशिवाय करायचं नाही. गावात बसून, समजावून, ऐकून घेऊन, त्यांचं म्हणणं वर पोचवायचं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. मी हुरळले, नाही म्हणत नाही. इतकी वर्षं वर्गात ज्याच्याबद्दल बोलले ते प्रत्यक्षात करायला मिळत होतं. तरी मी तुला एकच विचारलं होतं. निर्णय आधीच झालाय का? झाला असेल तर मला सांग, मी येणार नाही. तू हसलीस. "अगं, निर्णय झाला असता तर तुला कशाला बोलावलं असतं?" मी निश्चिंत झाले. ते उत्तर नव्हतं, उलटा प्रश्न होता, हे मला आता कळतं. शब्दांत खोटं नको म्हणून तू तेवढी काळजी घेतलीस. ती काळजी मला खोट्यापेक्षा जास्त लागते.

गावात जायला तळं ओलांडावं लागतं. होडीच्या धक्क्यावर तिकिटं देणारी बाई मला पहिल्याच दिवशी भेटली. काचेमागून तिनं विचारलं, "तुम्हीच का त्या डासवाल्या?" म्हटलं, हो. "मग मी येणार आहे बैठकीला," म्हणाली, आणि तिकीट सरकवलं. बैठका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे गावातले सगळे मोठे लोक गुडघे छातीशी घेऊन बसायचे. न्हावी, नर्सबाई, मुख्याध्यापिका, होड्या दुरुस्त करणारे दोघे भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते आणि माझ्यामार्फत भांडत होते. पहिल्या दिवशी ती तिकीटवाली उठली. गेल्या तापात तिची मुलगी गेली होती. हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणाली, "मला एवढंच सांगा, आम्ही नाही म्हटलं तर काय होणार?" मी म्हटलं, तुम्ही नाही म्हटलंत तर ते इथे होणार नाही. हे मी म्हटलं, भिंगरी. मोठ्यानं, त्या हॉलमध्ये, तिच्या डोळ्यांत बघून.

पुढे नर्सबाईंनी त्या पांढऱ्या पेट्यांचं विचारलं. पलीकडच्या काठाला, वेताच्या झाडीत, काठ्यांवर बसवलेल्या पेट्या. होडीवाल्यांनी पाहिल्या होत्या. मला माहीत नव्हतं. मी तिथूनच तुला फोन लावला, सगळे समोर बसलेले असताना, आणि तू म्हणालीस, "त्या? पाणी तपासायच्या असतील गं." असतील. पुन्हा तुझी ती काळजी. मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, पाणी तपासायच्या आहेत, मी वरून विचारून घेतलंय. 'असतील'चं 'आहेत' मी केलं, कारण तू सांगितलं होतंस, आणि तू सांगितलेल्याला मी कधी शंका घेतली नव्हती. नर्सबाईंनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, मी तुझ्यावर.

त्या बैठकांइतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त छळतं. लोकांनी काय काय विचारलं! पक्षी उपाशी राहतील का, शेजारच्या गावचे डास इकडे आले तर, कंपनी बुडाली तर पुढच्या वर्षी कोण सोडणार. न्हाव्यानं दुकानात फळा लावला आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यावर लिहून आणायला लागला. ते दोघे भाऊसुद्धा शेवटी एकाच बाजूला बसले. शेवटच्या बैठकीत त्यांनी होकार दिला. आंधळा नव्हे. देखरेखीवर गावचं माणूस हवं, सोडायच्या आधी घरोघरी कळवायला हवं, आणि आम्ही थांबा म्हटलं तर थांबायला हवं, अशा अटींवर. बहुतेक सगळे हात वर गेले. तिकीटवालीचा सगळ्यात आधी. परतीच्या होडीत मी उघड उघड रडले, आणि होडीवाल्यानं मला होडी लागलीय समजून वाऱ्याच्या आडोशाला बसवलं. अहवाल पाठवला तेव्हा तू कळवलंस, वाचून डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं का गं? मला अजून वाटतं, खरं होतं. तिथेच माझं डोकं चालेनासं होतं.

मग तो सन्मानाचा कार्यक्रम. 'लोकसहभागाचं आदर्श काम' म्हणून माझं नाव तूच सुचवलं होतंस. आईनं तिची ठेवणीतली शाल मला दिली. दादा दुकान बंद करून आला होता, जे तो स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही पूर्णवेळ करायला तयार नव्हता. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि बाहेर सरबताच्या टेबलाशी कंपनीचा एक तरुण शास्त्रज्ञ माझ्याकडे आला. चांगला मुलगा होता, अगदी मनापासून आलेला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तुमचे आभार मानायचे होते. डासांची पहिली खेप आम्ही तुमच्या पहिल्या बैठकीच्या आधीच सोडली होती, तेव्हा आम्हाला फार धाकधूक होती की लोकांना कळलं तर काय. पण तुमच्या बैठकांमुळे गाव इतकं शांत राहिलं!" मला आधी वाटलं, तो दुसऱ्या कुठल्या गावाबद्दल बोलतोय. मी त्याला गावाचं नाव विचारलं. त्यानं तेच सांगितलं, आणि डास वेताच्या झाडीतल्या त्या पेट्यांमधूनच सोडल्याचंही. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. मी मान वळवली तर तू दोन पावलांवर उभी होतीस, हातात ग्लास, आणि तू सगळं ऐकलं होतंस. मला त्या क्षणी वाटलं की तू चकित होशील. त्या मुलावर ओरडशील. मी वाट बघितली, खरंच. तू हलक्या आवाजात म्हणालीस, "आत्ता नको."

तेवढ्यानं कळलं. दादा मागून विचारत होता, फोटो काढू का तुम्हा दोघींचा? आणि तू माझ्या खांद्यावर हात टाकलास. तो फोटो दादानं फ्रेम करून दिलाय. कपाटात पालथा ठेवला आहे.

तुझ्या ऑफिसात आले तेव्हा भांडायला आले होते असं तुला वाटलं असेल. मी तुझ्याकडून खुलासा ऐकायला आले होते, आणि मला तो पटावा अशी माझी मनापासून इच्छा होती. तू दार लावलंस, पाणी दिलंस, आणि सगळं नीट सांगितलंस, तुझ्या पद्धतीनं, मुद्देसूद. तापाचा हंगाम तोंडावर होता. परवानगीची सही तुझ्याआधी त्या खुर्चीत असलेल्या माणसानं केली होती, ती रद्द केली असती तर आणखी एक हंगाम गेला असता आणि आणखी मुलं गेली असती. मंत्र्यांना लोकांची संमती कागदावर हवी होती. "तुझ्या बैठका खोट्या नव्हत्या," तू म्हणालीस. "फक्त क्रम चुकला." क्रम! जसं काही अहवालातल्या पानांचे आकडे मागे-पुढे झाले. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आणि तू जे बोललीस ते तुझ्या तोंडून निसटलं की तुला सांगायचंच होतं, मला माहीत नाही. "तुला सांगितलं असतं तर तुला तिथे उभं राहता आलं नसतं. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. म्हणून तर लोक तुझं ऐकतात." मी म्हटलं, म्हणजे म्हणूनच मला निवडलंस. तू टेबलावरच्या फायली सरळ करायला लागलीस. त्या सरळच होत्या.

माझा केसानं गळा कापल्यासारखं झालं, असं लिहिलं तर तुला नाटकी वाटेल. पण दुसरं काही सुचत नाही. मला शत्रूनं फसवलं असतं तर मी भांडले असते, लेख लिहिले असते, विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून शिकवलं असतं. तू मला फसवलंस ते माझ्यातलं जे सगळ्यात चांगलं आहे, जे तूच मला पहिल्यांदा दाखवून दिलं होतंस, ते वापरून. माझा खरेपणा तू एखाद्या उपकरणासारखा उचललास, जिथे लावायचा तिथे लावलास, आणि काम झाल्यावर त्याला हार घातलास. आणि मी तो हार गळ्यात घालून आईच्या शालीत उभी राहिले.

गावात मी एकटी गेले. कुणी पाठवलं नव्हतं. मुख्याध्यापिकेनं पुन्हा हॉल उघडून दिला, पुन्हा सगळे त्या छोट्या खुर्च्यांवर बसले, आणि मी सांगितलं. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. न्हावी तेवढा ओरडला, थोडा वेळ. तिकीटवाली शेवटी उठली. म्हणाली, "मी हो म्हणणारच होते हो. माझी पोर गेली, मी नाही कशाला म्हणेन? पण तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हा मला वाटलं, माझ्या पोरीचं जाणं कुणीतरी मोजलं. आता कळतं, तुम्ही मला विचारत नव्हता, गप्प बसवत होता." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तेही खरं असेल. पण मी आता कुणाचं खरं मानू?" परत जाताना तिनं मला तिकीट दिलं. काचेतून बाहेर, तळ्याकडे बघत.

यंदा तिथे ताप कमी आहे. हे मला नर्सबाईंनी सांगितलं आणि मी ते तुझ्यापासून लपवणार नाही. तुझे डास काम करतायत, असं दिसतं. पण त्यांनी दुसरंही सांगितलं. गोवराच्या लशी घेऊन त्या घरोघर जातात तेव्हा आता दारं उघडत नाहीत. जी माणसं त्यांना बघून खुर्ची पुढे करायची, ती आतून विचारतात, आधीच काही टोचलं नाही ना तुम्ही आमच्या पोरांना, न सांगता? नर्सबाई पायऱ्यांवर बसून हाका मारतात. हे तुझ्या हिशेबात होतं का? इतकी वर्षं 'आणि मग?' विचारायला शिकवलंस, एकदा तरी स्वतःला विचारलंस का? विचारलं असशील. तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. म्हणजे उत्तर माहीत असूनही पुढे गेलीस, आणि मी त्याला काय म्हणू ते मला सुचत नाही.

मी हे काम सोडायचं ठरवलं होतं. दादानं लगेच दुकानाच्या मागची खोली दाखवली, टायरच्या वासासकट. म्हणाला, हिशेब बघ, इथे सगळं जुनंच असतं, पुढचं काही बघावं लागत नाही. मी हसले, बऱ्याच दिवसांनी. मग सोमवारी वर्गात गेले ते राजीनामा खिशात घालून, आणि मुलांना आधी कारण सांगावं म्हणून त्या गावाची गोष्ट सांगायला लागले. नावं गाळून. एक मुलगी, फारशी न बोलणारी, म्हणाली, "बाई, मग त्या लोकांसाठी आता काय करायचं?" बाकीचे बोलायला लागले. विषय तासाबाहेर गेला, जेवणाच्या सुट्टीत गेला. राजीनामा खिशातच राहिला आणि शालीबरोबर धुवायला गेला. मी राहते आहे. पण आता आत माझं कुणी नाही, आणि बाहेर मी एकटीच आहे.

आता हे पत्र का, ते. गावानं तक्रार केली आहे, मुख्याध्यापिकेनं पुढे होऊन. विधानसभेनं चौकशी समिती नेमली आहे, ते तू आत बसून माझ्याआधी ऐकलं असशील. पण मला साक्षीला बोलावलंय आणि मी हो म्हटलंय, हे तुला माहीत नसेल. मी तुझं नाव घेणार आहे. तुझा तो उलटा प्रश्न, पेट्यांबद्दलचं ते 'असतील', आणि दार लावून तू जे बोललीस ते, जसंच्या तसं. त्यात माझं काही घालणार नाही आणि तुझं काही गाळणार नाही. सही तुझ्याआधीच्या माणसाची होती हेही सांगेन, आणि ताप कमी झाला हेही. ही बाई तुमची कोण, असं विचारतील, तर मैत्रीण म्हणेन. तू नोकरीला मुकशील कदाचित, आणि हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही, मी मनात म्हणत होते की वाटेल. समितीच्या सचिवबाई म्हणाल्या, माझ्याआधीची वेळ अजून रिकामी आहे, कुणाला आपणहून येऊन काही सांगायचं असेल तर येता येतं. तुला मी काही सुचवत नाही. माझ्या तोंडून ते सगळं त्या खोलीत पहिल्यांदा ऐकायची पाळी तुझ्यावर येऊ नये, एवढंच. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि ते कसं वाटतं ते मला माहीत आहे.

तुझीच (खोडायला हात धजत नाही),
गोगलगाय